तोकू-सानचं पहिलं आणि शेवटचं माफीपत्र

उबुकाता तोकू हे नाव आज कुणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांनी ते विसरायची पद्धतशीर तजवीज केली. त्यांतले एक गृहस्थ अजून ठणठणीत आहेत. रोज सकाळी कुत्रा फिरवतात आणि मी समोरून येताना दिसलो की कुत्र्याला दुसऱ्या गल्लीत ओढतात. कुत्र्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तोकू-सान आमच्या तोक्योच्या तारघरात, परदेशी तारांच्या खोलीत, चार नंबरच्या टेबलावर बसायच्या. मी सहा नंबरला. एकोणिसाव्या वर्षी त्या नोकरीला लागल्या आणि आम्ही लढाई हरलो त्या वर्षी त्यांच्या नोकरीला सत्तावीस वर्षं झाली होती. तारवाल्याचा हात दुसऱ्या टोकाला ओळखू येतो, आवाज ओळखावा तसा. होनोलुलूचा एक तारवाला म्हणे फक्त त्यांच्याच हातची तार घ्यायला धडपडायचा. लढाई सुरू झाली नि ते प्रकरण बुडालं. प्रकरण होतं का, असं विचाराल तर मी म्हणेन होतं. त्यांना विचारलं असतंत तर त्यांनी तुम्हाला शाईची दौत फेकून मारली असती. मला एकदा मारली होती.

त्यांची एक सवय सगळ्या खोलीला पाठ होती. तारेच्या धंद्यात शेवटी ताळा करतात. म्हणजे मजकूर पाठवून झाला की त्यात आलेले आकडे आणि नावं तेवढी पुन्हा एकदा वाजवायची. हवेत खरखर असते, वीस मैलांवर वीज कडाडते आणि चाळिसातलं शून्य कुठे गडप होतं ते देवालाही कळत नाही. पलीकडच्यानं दोन्ही जागचे आकडे ताडून बघायचे. हे जादा शब्द मोजत नाहीत, कुणी लिहून देत नाही, सांगत नाही. हात आपोआप करतो. तोकू-सानच्या तर तोंडातसुद्धा ताळा बसला होता. भाजीवालीला म्हणायच्या, "तीन मुळे द्या. तीन." मला म्हणायच्या, "सेनबा-कुन, नऊची वेळ होती, तू साडेदहाला उगवलास. नऊ. साडेदहा."

साडेदहाला मी उगवायचो हे खरं. त्यामुळे माझी कीर्ती निराळी होती. मी माफीपत्रांचा उस्ताद. आमच्याकडे काही बिघडलं की कुणीतरी माफीपत्र लिहायचं. चूक त्याचीच असली पाहिजे असं नाही. गाडीच उशिरा आली, तरी लिहायचं. चार ओळी वाचून गहिवर येईल अशा लिहाव्या, खाली सहीच्या जागी आपला शिक्का मारावा, साहेबांनी तो कागद दोन्ही हातांनी घ्यावा, खणात सारावा, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एकेक पेला रिचवावा. माफीपत्र म्हणजे कागदावर घातलेला नमस्कार. त्यात खरं किती नि खोटं किती, हे कुणी नमस्कार करणाऱ्याला विचारतं का? मी सतरा लिहिली होती. तोकू-सानची पाटी कोरी होती. सत्तावीस वर्षांत एकही नाही.

हरलो त्या वर्षी मार्चमध्ये बॉम्ब पडून लागलेल्या आगीत त्यांचं घर गेलं. धाकटा भाऊ दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावर लढायला गेला तो तिथलाच झाला. पत्रे ठोकून उभ्या केलेल्या एका खोपटात त्या राहत, दुपारी डब्यात अर्धं रताळं आणत. त्यांच्या आयुष्यात जागच्या जागी उरलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे चार नंबरचं टेबल.

मग ताबा घ्यायला आलेल्या अमेरिकन सैन्याचे आदेश सुरू झाले. आदेशांचा नुसता पाऊस! तोक्योत ज्या दोनचार तटस्थ देशांच्या वकिलाती उरल्या होत्या, त्यांनी सांकेतिक लिपीत तार पाठवायची नाही. सरळ भाषेत लिहायची, तीही इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. ती आधी आमच्या खिडकीवर द्यायची, तिथून वर लेफ्टनंटकडे, त्यानं शब्द मोजून शिक्का मारला की मगच यंत्रावर. आमच्या परराष्ट्र खात्यानं तर वकिलातींशी अवाक्षरही बोलायचं नाही. एका वकिलातीचं फाटक खात्याच्या दारासमोर होतं. पूर्वी दोन्हीकडचे लोक सकाळी एकमेकांना टोपी काढून दाखवत. आता टोपी काढायची तर मधे सैन्याची परवानगी. आणि सगळ्यांत शेवटची ओळ अशी, की मंजूर मजकुरात एकही शब्द कमी वा जास्त होता कामा नये.

ही ओळ लिहिणाऱ्यानं जन्मात तारयंत्राला बोट लावलं नसावं. आमचा लेफ्टनंट, हॅलोरन त्याचं नाव, लढाईआधी बर्फाची कपाटं विकायचा. हे मला त्याच्याच दुभाष्यानं एका सिगरेटीच्या बदल्यात सांगितलं. दुभाष्या हवाई बेटांवर जन्मलेला आपलाच पोरगा. पण त्याचं जपानी आलं होतं हिरोशिमाकडच्या खेड्यातल्या त्याच्या आजीकडून. कडक इस्त्रीचा गणवेश, तोंडात चघळायचा गोंद, आणि बोलायला लागला की वाटावं, मळ्यातून म्हातारी हाक मारतेय.

ते आदेश आमच्यापुढे वाचून दाखवायचं काम होतं विभागप्रमुख निरेई यांचं. निरेई-सान लढाईत पायाला पट्ट्या गुंडाळून आम्हाला बांबूच्या भाल्यांची कवायत शिकवायचे. शरण गेलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या खिशात इंग्रजी संभाषणाची पुस्तिका होती. लेफ्टनंटचा फोन आला की ते फोनलाच वाकून नमस्कार करायचे, इतका की एकदा कपाळ दौतीत बुडालं आणि दिवसभर निळं फिरलं. त्या शेवटच्या ओळीचा अर्थ काय, ताळा धरायचा की नाही, हे विचारायचं काम त्यांचंच होतं. त्यांनी विचारलं नाही. साहेबाला प्रश्न विचारला तर साहेबाला वाटेल, आम्हाला समजलं नाही!

फेब्रुवारीत एका वकिलातीचे वयस्कर सचिव तार घेऊन आले. डोंगरातल्या कारुइझावा गावी त्यांची तेवीस माणसं, एक डॉक्टर धरून, लढाईपासून अडकली होती. त्यांना चाळीस पोती पीठ अठरा तारखेच्या आत पाहिजे होतं. बावन्न शब्द. लेफ्टनंटनं मोजले, शिक्का मारला. तार तोकू-सानच्या टेबलावर आली, त्यांनी पाठवली आणि शेवटी हातानं आपला ताळा वाजवला. तेवीस, चाळीस, अठरा, गावाचं नाव, डॉक्टरचं नाव, सचिवांचं नाव.

शहराबाहेर सैन्याचे लोक कानाला यंत्र लावून आमच्या तारा ऐकत बसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी लेफ्टनंट स्वतः खाली आला. मागून दुभाष्या, त्याच्या मागून निरेई-सान, अर्धे वाकलेले.

"सायेब इचारत्यात," दुभाष्या म्हणाला, "बावन सबूद पास केलं हुतं. गेलं अठ्ठावन. ह्ये सा कुठनं आलं गं बाय?"

"बावन्न मजकुराचे, सहा ताळ्याचे," तोकू-सान म्हणाल्या. "बावन्न. सहा."

"ताळा म्हंजी?"

त्यांनी समजावून सांगितलं. दुभाष्यानं त्याच्या परीनं इंग्रजीत सांगितलं. लेफ्टनंटनं कपाळाला आठ्या घातल्या.

"सायेब म्हनत्यात, शेवटाला नुसतं आकडं! हेर लोक असंच करत्यात. कुनाच्या हुकमानं केलंस?"

"नियम आहे."

"कुनाचा नियम?"

"तारेचा. तुमच्या देशातही हाच. तुमच्या कुठल्याही तारवाल्याला विचारा."

"आमच्या आदेशात न्हाई, म्हनत्यात."

"तुमच्या आदेशात नाही असं जगात पुष्कळ काही आहे."

हे मात्र दुभाष्यानं पुढे पोचवलं नाही. गुणी पोरगा. लेफ्टनंटही काही राक्षस नव्हता, खोटं कशाला बोलू? जाताना म्हणाला, काय घडलं ते बाईंनी उद्या लिहून द्यावं, मी वाचून ठरवतो. एवढंच. काय घडलं ते! दहा ओळींचं काम होतं. नियमाचं पुस्तक कपाटातच होतं, पान काढून जोडलं असतं की संपलं.

पण लेफ्टनंटची पाठ वळली आणि निरेई-सान सरळ झाले.

"उबुकाता-सान, माफीपत्र लिहा."

"त्यांनी हकिकत मागितलीय."

"हकिकत लिहिली की वाद वाढतो. माफीपत्र दिलं की विषय मिटतो. एवढ्या वर्षांत हेही कळू नये?"

"पण चूक कुठली ते तरी सांगा."

"चूक काय शोधत बसता? लिहायला लागलं की सापडते."

"मी केलीच नाही तर सापडणार कुठून?"

निरेई-सानांनी आवाज खाली आणला. आवाज खाली आणला की हा माणूस जास्त धोकादायक. "या खोलीत बावीस जणं आहेत. सैन्यानं उद्या ही खोली बंद केली, तर बावीस घरांत चूल पेटायची नाही. तुमच्या एका हट्टापायी. विचार करा."

तोकू-सान मग रताळ्याचा डबा उचलून माझ्या टेबलाशी आल्या.

"सेनबा-कुन, तू यातला पंडित. मला एक लिहून दे."

"अहो तोकू-सान, हा सुदिन! कशाबद्दल लिहू? रडकं हवं की मध्यम?"

"चेष्टा नको. लवकर संपेल असं लिही."

आणि मी मूर्खानं लिहिलं. हात शिवशिवत होता हो! सत्तावीस वर्षांची कोरी पाटी, पहिलं अक्षर मी काढणार. तिखट-मीठ लावून लिहिलं. 'माझ्या अक्षम्य बेपर्वाईमुळे मंजुरी नसलेला मजकूर आदरणीय सैन्याच्या नजरेआड परदेशी गेला, याबद्दल कोणतीही शिक्षा थोडीच आहे. अशा व्यक्तीनं तारयंत्राला स्पर्श करणं हेच मुळी लाजिरवाणं.' शेवटचं वाक्य तर मला फारच आवडलं होतं. दोनदा मोठ्यानं वाचलं.

तोकू-सानांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ही बाई कोण आहे रे? हिला तर मीच नोकरीवरून काढीन."

"अहो, लिहायची पद्धत असते," मी म्हणालो. खोली हसली. निरेई-सानही हसले. तोकू-सानांनी तो मजकूर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवला, शिक्का मारला, निरेई-सानांनी दोन्ही हातांनी घेतला. आमच्या दृष्टीनं विषय मिटला.

वरच्या मजल्यावर तो कागद इंग्रजीत गेला. तिथे तो नमस्कार राहिला नाही, सहीशिक्क्याचा कबुलीजबाब झाला. तिसऱ्या दिवशी हुकूम आला. 'स्वतःच्या लेखी कबुलीनुसार, परवानगीशिवाय परदेशी मजकूर पाठवल्याबद्दल बडतर्फ. यापुढे कोणत्याही तारघरात नेमणूक नाही.'

तोकू-सान उठून निरेई-सानांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही वर जा. सांगा, मी लिहायला लावलं. सांगा, आमच्यात असं लिहितात."

निरेई-सान टाक पुसत होते. "आता लेखी झालंय ना," म्हणाले. "लेखी झाल्यावर तोंडी काय सांगणार?"

"लेखी कुणामुळे झालं?"

टाक चांगलाच मळला असावा. बराच वेळ पुसत राहिले. आणि आम्ही एकवीस शूर लोक! प्रत्येकाला त्याच क्षणी आपापल्या यंत्रात काहीतरी बिघाड दिसला. मलाही दिसला. तोकू-सानांनी बसायची उशी गुंडाळली, कप रुमालात बांधला, आणि गेल्या. चोशी बंदरात त्यांची मावशी होती, तिच्याकडे. तिथे त्या सार्डिन सुकवायला लागल्या. ज्या बोटांची वाट होनोलुलूत कुणी बघत होतं, ती बोटं मासळीची पोटं फाडायला लागली. मला सांगा, राग येणार नाही तर काय येईल?

आता पुढचं ऐका. तोकू-सानची गत पाहिल्यावर ताळा करायची छाती कुणाला होणार? बावन्न म्हणजे बावन्न. एप्रिलमध्ये तेच सचिव पुन्हा आले. कारुइझावात घटसर्पाची साथ आली होती, मुलांना टोचायला लशीच्या साठ बाटल्या हव्या होत्या. तार गेली, अगदी आदेशाबरहुकूम, ताळ्याविना. तीन आठवड्यांनी विमानातून खोका आला. सचिवांनी तो आमच्या खिडकीत ठेवला आणि उघडला. आत बाटल्या सहा. साठातलं शून्य वाटेत हवेनं खाल्लं होतं.

"पाठवणारा कोण?" त्यांनी फक्त एवढंच विचारलं. तार तीन नंबरवरून गेली होती. तीन नंबरचा माणूस खाली बघत बसला. त्याची चूक नव्हती. म्हातारा मग सैन्याच्या इस्पितळाच्या पायरीवर दोन दिवस बसून राहिला, आणि तिथल्या एका डॉक्टरनं कुणाला न विचारता उरलेल्या बाटल्या काढून दिल्या. मुलं वाचली. एवढे आदेश असूनसुद्धा वाचली.

वकिलातीनं तक्रार केली. दहा दिवसांत नवा आदेश आला. निरेई-सानांनी तो उभं राहून, घसा खाकरून वाचला. यापुढे वकिलातींच्या प्रत्येक तारेत सर्व आकडे व नावं शेवटी पुन्हा पाठवावीत, न पाठवणाऱ्यावर कारवाई होईल.

"व्वा," निरेई-सान म्हणाले, "किती बारीक विचार करतात हे लोक!"

मी खुर्चीतून उठलो तो खुर्चीच उलटली. "साहेब, ज्याबद्दल तोकू-सानला काढलं तेच हे!"

"सेनबा-सान, तेव्हाचा आदेश तेव्हाचा."

"मग त्यांना परत बोलवा."

"तेव्हा त्यांनी आदेश मोडला होता. आता मोडला नसता. पण मोडला तेव्हा मोडलाच की नाही?"

असल्या बुद्धीपुढे काय करावं माणसानं? मी सरळ वरच्या मजल्यावर गेलो. लेफ्टनंटनं ऐकून घेतलं, कपाटातून कागद काढला. माझंच साहित्य! शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ होती.

"सायेब इचारत्यात, ह्या बाईनं तवा खोटं लिवलं, का तुमी आता खोटं बोलताय?"

मी म्हणालो, तो कबुलीजबाब नाही, रीत आहे. आमच्यात सगळेच लिहितात. "सायेब म्हनत्यात, सही म्हंजी सही." तेव्हा म्हणायला हवं होतं, की यातला शब्दन् शब्द माझा आहे, काढायचं तर मला काढा. जिभेवर आलं होतं. घरी चार पोरं होती. गिळलं. दुभाष्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं असावं, कारण त्या दिवशी त्यानं सिगरेट दिली नि बदल्यात काही विचारलं नाही.

सहा वर्षांनी ताबा संपला, सैन्याचा हुकूम चालेनासा झाला. त्या काळात काढलेल्यांची प्रकरणं पुन्हा तपासणार असं सरकारनं जाहीर केलं. गिळलेलं तेव्हा ओकलो. माफीपत्र मी कसं लिहिलं, कुणी लिहायला लावलं, सगळं सविस्तर लिहून दिलं. निरेई-सानांना बोलावणं गेलं. ते तोवर खात्यात फार वर पोचले होते. म्हणाले, "मला आठवत नाही." ज्याला पुस्तिकेतली इंग्रजी वाक्यं पंधरा दिवसांत पाठ झाली होती, त्याला हे आठवत नाही!

ही प्रकरणं तपासणाऱ्या नेमणूक-कचेरीच्या साहेबांनी मग दोन्हीकडून गोड होईल असा तोडगा काढला. नोंदवहीत 'बडतर्फ' खोडायचं, तिथे 'स्वेच्छेनं राजीनामा' लिहायचं. निवृत्तीचे सगळे हक्क परत. निरेई-सानच्या नावाला धक्का नाही. उबुकाता-सानचा नुसता शिक्का लागेल. तो कागद घेऊन मी चोशीला गेलो, हसत हसत गेलो. वाटलं, फेडलं एकदाचं.

तोकू-सान किनाऱ्यावर जाळ्यांवर मासळी पसरत होत्या. केस पांढरे झाले होते, जीभ तीच होती.

"काय सेनबा-कुन, जाड झालास. खायला मिळतंय वाटतं."

"शिक्का कुठंय तुमचा? काढा. सुटलात."

त्यांनी हात पुसले, कागद वाचला. पुन्हा वाचला.

"स्वेच्छेनं म्हणजे कुणाच्या?"

"अहो, लिहायची पद्धत असते. एवढं काय त्यात—"

बोलताबोलता मला माझंच जुनं वाक्य ऐकू आलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"सेनबा-कुन, हेच वाक्य तू मागेही म्हणाला होतास."

"पण तोकू-सान, हक्क परत मिळतील. म्हातारपणाची सोय होईल. 'बडतर्फ' हा डाग तर जाईल!"

"डाग माझा नाही. मला काढलं, हे निदान खरं तरी आहे. उद्या कुणी ती वही उघडली तर विचारेल, या बाईला का काढलं? मग कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल. राजीनामा वाचून कोण विचारतं, का दिला म्हणून? माझं टेबल मी सोडलं नाही. ते काढून घेतलं."

"मग काय लिहायला हवं?"

"'चुकीनं काढलं.' दोनच शब्द आहेत. दोन. ते लिहितील?"

"निरेई अडकेल ना त्यात."

"मग अडकू दे की!" त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की किनाऱ्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या. "सगळ्यांनी मिळून मला वाकवलं, आता त्याची पाठ दुखेल म्हणून मीच पुन्हा वाकू? एक खोटा कागद मी तुमच्या सगळ्यांसाठी लिहिला. बावीस चुली म्हणे! दुसरा लिहिणार नाही. मासळी सुकवून मी कुणापुढे हात पसरलेला नाही."

कागद त्यांनी घडी घालून माझ्या खिशात कोंबला. त्याला सार्डिनचा वास लागला होता, तसाच मी तो कचेरीत नेऊन दिला. साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बाई हट्टी दिसतात." मी म्हणालो, "हो. तुमच्यापैकी एखादा तरी तसा असता तर!" याबद्दल माझ्याकडे माफीपत्र मागण्यात आलं. दिलं नाही.

तोकू-सान जाऊन आता पाच वर्षं झाली. मी दर वर्षी वसंतात त्या कचेरीत जातो, उबुकाता तोकूंची नोंद दाखवा म्हणतो. साहेब चार बदलले. नोंद तीच आहे. खिडकीतली पोरगी हल्ली मला बघूनच मान हलवते. परवा मात्र तिनं वही बंद करता करता विचारलं, "आजोबा, पण या बाईंना काढलं का हो?"

मी खुर्ची ओढून बसलो.